रजा अडवली जाते तेव्हा: ब्रिटनमधल्या ‘एकॅस’ हेल्पलाइनचा माझा अनुभव

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या आणि रजेसाठी मॅनेजरच्या दारात उभं राहून थकलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहिते आहे. केअर होम, हॉस्पिटल, वेअरहाउस, हॉटेल, कुठेही असा, एकॅसचा नंबर मोबाईलमध्ये घालून ठेवा: ०३०० १२३ ११००. सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सल्ल्याला पैसे पडत नाहीत आणि तुम्ही फोन केलात हे तुमच्या मालकाला कळवलं जात नाही. मला या सेवेने फार मोठा आधार दिला, म्हणून सविस्तर सांगते.

एकॅस ही कामगार आणि मालक यांच्यातले वाद मिटवण्यासाठी असलेली संस्था. खर्च सरकार करतं, पण कारभार सरकारी खात्यापासून वेगळा. १९७५ च्या कायद्याने ती पक्क्या पायावर उभी राहिली. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या कोणालाही तिथे फोन करता येतो. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये असाल तर तिथे लेबर रिलेशन्स एजन्सी हे काम करते, एकॅस नाही.

मी मूळची मिरजेची. नर्सिंग तिथेच शिकले. आता इंग्लंडच्या मिडलँड्स भागात एका केअर होममध्ये सीनियर केअरर आहे. आठवड्याला तीन शिफ्ट, प्रत्येक बारा तासांची. आमच्याकडचे बहुतेक आजी-आजोबा स्मृतिभ्रंशाचे. एकच प्रश्न दहादा विचारणाऱ्या माणसाला दहाव्यांदाही शांतपणे उत्तर द्यायचं, अंघोळीला नको म्हणणाऱ्याला न दुखवता तयार करायचं, रात्री उठून ‘घरी जायचंय’ म्हणणाऱ्या आजींचा हात धरून बसायचं, याला शरीरापेक्षा मनाचा जोर जास्त लागतो. विश्रांती मिळाली नाही की तो जोर ओसरतो आणि त्याचा त्रास आधी त्या म्हाताऱ्या माणसांना होतो. रजेचा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो तो त्यामुळे.

आमचं रजेचं वर्ष एप्रिल ते मार्च. गौरी-गणपतीसाठी मी उन्हाळ्यातच अर्ज दिला होता. मॅनेजर बाई ‘बघते’ म्हणाल्या आणि बघतच राहिल्या. तिकिटाचे दर चढत गेले. शेवटी गणपती अगदी तोंडावर आले तेव्हा ‘स्टाफ कमी आहे, जमणार नाही’ असं उत्तर आलं. दिवाळीला तेच. डिसेंबरात तर आमच्या होममध्ये कुणालाच रजा नसते. जानेवारी-फेब्रुवारीत खोकला-तापाने निम्मा स्टाफ घरी, त्यामुळे उरलेल्यांनी रजेचं नाव काढायची सोय नव्हती. आणि मार्च उजाडल्यावर एचआरचा मेल आला: ३१ मार्चपर्यंत न घेतलेली रजा बुडेल.

मी मॅनेजर बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “त्याचे पैसे घे ना. त्या शिफ्ट कर, दोन्हीकडून पगार मिळेल.” आमच्याकडच्या पुष्कळ मुली हे मान्य करतात. त्यांना दोष देणार नाही. गावाकडे कर्ज असतं, एजंटाचे पैसे फेडायचे असतात, धाकट्या भावंडांची फी असते. पण माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलं होतं आणि मला पैसे नको होते, मला तिच्याजवळ असायचं होतं.

आमच्याबरोबर एक केरळची नर्स आहे. तिने एकॅसचं नाव सांगितलं. फोन करण्याआधी मी त्यांच्या वेबसाइटवरची रजेबद्दलची पानं वाचली. सोप्या इंग्रजीत लिहिलेली आहेत, उदाहरणं दिलेली आहेत. ज्यांना फोनवर इंग्रजी बोलायचा संकोच वाटतो त्यांनी आधी ती पानं वाचावीत, म्हणजे समोरचा माणूस कोणते शब्द वापरणार ते कळतं.

फोनवर एक बाई होत्या. त्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं. मग प्रश्न सुरू झाले: आठवड्याला किती शिफ्ट? रजेचं वर्ष कधी सुरू होतं? करारात रजेबद्दल नेमकं काय लिहिलंय? अर्ज लेखी होते की तोंडी? नकार कशावर आला, किती तारखेला? यातलं एकही उत्तर त्यांनी गृहीत धरलं नाही. मी ‘कायद्याने मला रजा मिळालीच पाहिजे ना?’ असं विचारलं तेव्हा त्यांनी मला थांबवून एकेक गोष्ट वेगळी करून सांगितली.

पहिली गोष्ट हक्काची. इथे १९९८ चे वर्किंग टाइम रेग्युलेशन्स आहेत. त्यानुसार प्रत्येक कामगाराला वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा आहे. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याचे होतात २८ दिवस. माझ्यासारख्या तीन शिफ्टवालीच्या होतात १६.८ शिफ्ट. ख्रिसमस, ईस्टरसारखे बँक हॉलिडे याच्यावर वेगळे मिळालेच पाहिजेत असं नाही, मालक ते यातच धरू शकतो. हा हक्क पहिल्या दिवसापासून आहे, एजन्सीमार्फत आलेल्यांना आणि ज्यांचे तास ठरलेले नसतात त्यांनाही आहे. अशा अनियमित तासांच्या लोकांची रजा, कायद्यातला किमान हिशेब धरला तर, काम केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के दराने जमा होते.

दुसरी गोष्ट मला ऐकायला आवडली नाही, पण त्यांनी ती सांगितली हे मला महत्त्वाचं वाटतं. मालकाला तुमच्या तारखा नाकारता येतात. कामाची गर्दी असते त्या काळात रजा बंद ठेवता येते. एका वेळी दोन आठवड्यांपेक्षा जास्त रजा नाही, असाही नियम करता येतो. आपल्याला भारतात जायचं म्हणजे प्रवासातच तीन दिवस जातात, दोन आठवड्यांत काय होणार, हे आपलं दुःख खरं आहे. पण त्या नियमाला बेकायदेशीर म्हणता येत नाही. मॅनेजरशी बोलून, कुणाशी शिफ्ट बदलून, जमवून घ्यावं लागतं.

मात्र नकारालाही वेळेचं बंधन आहे. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर कामगाराने जितक्या दिवसांची रजा हवी त्याच्या दुप्पट दिवस आधी कळवायचं. दोन आठवड्यांच्या रजेसाठी चार आठवडे आधी. आणि मालकाला नाकारायचं असेल तर जितक्या दिवसांची रजा मागितली निदान तितके दिवस आधी त्याने सांगायला हवं. दोन आठवड्यांची रजा, तर दोन आठवडे आधी. माझ्या करारात अर्ज किती आधी द्यायचा एवढंच होतं, नकाराबद्दल अक्षर नव्हतं. म्हणजे गणपतीचा नकार उशिराचा होता. मी विचारलं, मग मी सरळ निघून गेले असते तर? त्यांनी बजावून सांगितलं की तसं कधीही करू नका. उत्तर आलं नाही म्हणजे मंजुरी मिळाली असं होत नाही. न सांगता गेलात तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि मग मूळ तक्रार बाजूलाच राहते.

मंजूर झालेली रजासुद्धा मालक तितक्याच दिवसांची पूर्वसूचना देऊन रद्द करू शकतो. हे ऐकून मी खरंच हादरले. तेव्हापासून मंजुरी मेलवर आल्याशिवाय मी तिकीट काढत नाही, आणि काढल्यावर ‘तिकीट काढलं आहे’ असा उलट मेल टाकते.

तिसरी गोष्ट पैशांची. कायद्याने दिलेल्या ५.६ आठवड्यांच्या बदल्यात नोकरी चालू असताना पैसे देता येत नाहीत. करारात त्याहून जास्त रजा असेल तर त्या जास्तीच्या रजेचं काय करायचं ते दोघांनी ठरवावं. नोकरी सोडताना मात्र उरलेल्या रजेचे पैसे मिळालेच पाहिजेत. म्हणजे मॅनेजर बाईंनी मला जे ‘घे ना’ म्हणून देऊ केलं होतं, ते त्यांना देताच येत नव्हतं.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी मी फोन केला होता. रजा बुडणार का? साधारणपणे वर्ष संपलं की न घेतलेली रजा बुडते. पण १ जानेवारी २०२४ पासून नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की मालकाने रजेचा हक्कच मान्य केला नाही, किंवा रजा घेण्याची पुरेशी संधी दिली नाही आणि घ्यायला उत्तेजन दिलं नाही, किंवा न घेतल्यास ती बुडेल हे सांगितलं नाही, तर त्या ५.६ पैकी चार आठवड्यांतली जी रजा राहिली असेल ती पुढच्या वर्षात नेता येते. मी म्हटलं, एचआरने मेल तर केला होता. त्या म्हणाल्या, यातली एक चूक पुरेशी असते. मार्चमध्ये सूचना दिली, पण वर्षभर संधी दिली का, हा प्रश्न उरतोच. उरलेल्या १.६ आठवड्यांना हे संरक्षण नाही, ते पुढे न्यायचे तर मालकाची संमती लागते. माझ्या बाबतीत चार आठवडे म्हणजे बारा शिफ्ट, त्यातून वर्षात घेतलेली रजा वजा.

या नियमामागे किती लांबचा झगडा आहे ते मी नंतर वाचलं. कॉनली किंग नावाचे एक सेल्समन सॅश विंडो वर्कशॉप या कंपनीसाठी १९९९ ते २०१२ कमिशनवर काम करत होते. रजेवर गेले तर पैसे नाहीत. निवृत्तीनंतर ते ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीतले वाद चालवणाऱ्या न्यायमंडळात गेले आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं. २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मालकाने पगारी रजा दिलीच नाही तर ती साठत जाते, बुडत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही हे तत्त्व इथल्या नियमांत लिहून घेतलं गेलं. त्या माणसाने धरलेला हट्ट माझ्या बारा शिफ्टपर्यंत पोचला, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

फोन संपताना त्या बाईंनी क्रम सांगितला. आधी मॅनेजरशी शांतपणे बोला. जमलं नाही तर लेखी तक्रार करा, इथे तिला ग्रीव्हन्स म्हणतात. त्यात तारखा घाला: अर्ज कधी दिला, उत्तर कधी आलं, काय कारण दिलं. तेही अडलं तर ट्रायब्युनल, पण त्याआधी एकॅसकडेच ‘अर्ली कन्सिलिएशन’साठी नोंद करावी लागते. तेव्हा एकॅसचा मध्यस्थ दोन्ही बाजूंशी फोनवर बोलून समझोता होतो का पाहतो. हेही फुकट. ट्रायब्युनललाही २०१७ पासून फी नाही, युनिसन या युनियनने सर्वोच्च न्यायालयात लढून ती रद्द करून घेतली. ही नोंद करण्याच्या मुदतीबद्दल त्यांनी फार ठासून सांगितलं: मला लागू होती ती मुदत तीन महिने उणे एक दिवस. तक्रारीच्या उत्तराची वाट बघत बसलात म्हणून घड्याळ थांबत नाही. तुम्ही फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा की माझी मुदत कधी संपते.

मी मेल लिहिला. रागाचा एक शब्द घातला नाही. अर्जांच्या आणि नकारांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या, २०२४ च्या नियमाचा उल्लेख केला, बारा शिफ्टचा हिशेब मांडला आणि मे महिन्यातल्या रजेच्या तारखा मागितल्या. एचआरने बोलावलं. तिथे आलेल्या गृहस्थांना नियम ठाऊक होता असं दिसलं, मॅनेजर बाईंना नव्हता. चार आठवड्यांच्या हिशेबातली राहिलेली रजा पुढे घेतली गेली, १.६ आठवड्यांच्या वाट्यातलं जे उरलं होतं ते मला सोडावं लागलं. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी मिरजेत होते. पहिल्यांदा वॉकर धरून ती उभी राहिली तेव्हा तिचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता.

आता सेवेच्या मर्यादा. एकॅसचे सल्लागार तुमचे वकील नाहीत. ‘तुमची केस जिंकेल का’ असं विचारलंत तर ते उत्तर देणार नाहीत, कायदा काय म्हणतो आणि तुमच्यापुढे कोणते रस्ते आहेत एवढंच सांगतील. तुमच्या वतीने मालकाला पत्र लिहिणार नाहीत. मध्यस्थसुद्धा कोणाची बाजू घेत नाही. बाजू घेणारा कोणी हवा असेल तर युनियन. युनिसन आहे, नर्ससाठी रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग आहे. पण अडचण आल्यावर सभासद झालात तर त्या जुन्या अडचणीत मदत मिळेलच असं नाही, म्हणून आधीच व्हा. समोर बसून कागद दाखवायचे असतील तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात जावं.

आपल्या लोकांच्या मनातली खरी भीती व्हिसाची असते. मालकच स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा त्याच्याच नोकरीवर टिकलेला. तक्रार केली आणि काढून टाकलं तर होम ऑफिसचं, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याचं पत्र येतं आणि साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा. या भीतीने माणसं वर्षानुवर्षं गप्प बसतात. म्हणून हे नीट वाचा: कायद्याने दिलेली रजा मागितली या कारणावरून कामावरून काढणं हे १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टखाली आपोआप अन्यायकारक ठरतं, आणि त्यासाठी नोकरीत दोन वर्षं पुरी झालेली असावी लागत नाहीत. त्याच कारणावरून शिफ्ट कमी करणं, मुद्दाम वाईट रोटा (शिफ्टचं वेळापत्रक) लावणं, यालाही दाद मागता येते. हे मला एकॅसच्या बाईंनीच सांगितलं आणि फोन ठेवल्यावर मला मेल लिहायचं धैर्य आलं ते यामुळेच. पण व्हिसाबद्दल एकॅस सल्ला देत नाही. बिनपगारी रजेचं तर विशेष सांभाळा. पगारी रजा संपली म्हणून गावाकडे बिनपगारी राहिलात आणि कॅलेंडर वर्षात अशी गैरहजेरी एकूण चार आठवड्यांच्या वर गेली, तर आजारपण, बाळंतपण असे काही अपवाद सोडता स्पॉन्सरशिपच जाऊ शकते. मॅनेजर ‘जा, बिनपगारी जा’ असं सहज म्हणून जातात, त्याचा अर्थ त्यांनाही माहीत असतोच असं नाही. अशा प्रश्नासाठी इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणी असलेला सल्लागार किंवा सॉलिसिटरच गाठा.

माझा भाऊ कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “अक्का, तुमच्याकडं बरं आहे, आमच्याकडं कुठला आलाय असला कायदा.” पण आपल्याकडेही होता. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ७९ व्या कलमात वर्षाला २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा होती. पुढच्या वर्षात ३० दिवसच नेता येत, पण रीतसर, पंधरा दिवस आधी अर्ज देऊनही नाकारलेली रजा कितीही असली तरी पुढे नेता येत असे. त्याने इतकी वर्षं काम केलं आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात २४० ऐवजी १८० दिवस आले. त्याला मी म्हटलं, तुमच्या युनियनच्या माणसाला बसवून नव्या संहितेतलं रजेचं कलम वाचून घे आणि आपले जुने अर्ज कुठे आहेत ते शोध.

फोन करताना करार, शेवटच्या काही पेस्लिप, रोटा आणि रजेच्या अर्जांचे मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज समोर ठेवा. तोंडी अर्ज केला असेल तर आजच ‘आपलं अमुक दिवशी बोलणं झालं’ असा मेल मॅनेजरला टाका. सल्लागार जे सांगेल ते लिहून घ्या, त्याचं नाव आणि तारीखही लिहा. समजलं नाही तर पुन्हा विचारा, ते चिडत नाहीत.

पाचापैकी साडेचार तारे देते. अर्धा कमी केला तो वेळेसाठी. आमच्यासारख्यांच्या शिफ्ट सकाळी सात ते संध्याकाळी सात असतात आणि ड्युटीवर मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शनिवारी निदान अर्धा दिवस ही लाइन चालू ठेवली तर ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना फोन लावता येईल.